अक्षर वाचणारी पाटी

पेन गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम होता. गिऱ्हाईक फारच मागे लागलं, तर "आधी चहा घ्या, गार होतोय" म्हणायचं, हा दुसरा. हे दोन्ही नियम पाळले की आमचं मशीन अप्रतिम चालायचं.

आता मशीन म्हणजे काय, ते सांगायला हवं. हल्ली नातवंडं ज्यावर कार्टून बघत जेवतात, त्या टॅबलेटचे ते खापरपणजोबा. उदारीकरणाचं वारं नुकतं सुटलं होतं. दिल्लीत परदेशी सरबतांच्या बाटल्या आणि घरोघरी केबल आली होती, आणि यमुनेपलीकडे नोएडात सेक्टरांचे आकडे लिहिलेल्या पाट्या होत्या, सेक्टर मात्र अजून यायचे होते. अशाच एका सेक्टरात, मोहरीच्या शेतासमोर, आमचं ऑफिस होतं. आमचे मालक चोप्रा साहेब यांनी परदेशातल्या एका कंपनीची एजन्सी घेतली होती. करोलबागेतून चार्टर्ड बसने मी तिथे जायची. पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मिळालेली ही माझी पहिली नोकरी. पद मोठं होतं, काम एवढंच की मशीन घेऊन लोकांकडे जायचं आणि ते चालतं हे सिद्ध करायचं.

मशीनचा आकार शाळेतल्या पाटीएवढा, जाडी पोळपाटाएवढी आणि वजन भरल्या डब्यासारखं. कीबोर्ड नाही. राखाडी स्क्रीन, आणि बँकेत असतं तसं दोरीला बांधलेलं पेन. या पेनाने स्क्रीनवर इंग्रजीत लिहायचं, की मशीन थोडा विचार करून तेच छापील अक्षरात दाखवायचं. लॅपटॉपला मांडी लागते आणि मांडीला बसायला जागा लागते. पण जगात कितीतरी कामं उभ्याने होतात. गोदामात माल मोजणारा, वॉर्डातली नर्स, मीटर बघणारा, हे कुठे बसणार? चोप्रा साहेबांनी त्यावर एक वाक्य तयार केलं होतं, "ये खड़े आदमी का कम्प्यूटर है." हे वाक्य ते नेहमी बसून म्हणत.

खोट एवढीच होती की हे मशीन कुणाचंही अक्षर वाचत नसे. आधी त्याची शिकवणी घ्यावी लागे. एकेक अक्षर पुन्हा पुन्हा गिरवून दाखवायचं, की ते नमुने मशीन जपून ठेवी आणि पुढे त्यांच्याशी ताडून वाची. आमच्या डेमोच्या मशीनची शिकवणी मी घेतली होती. त्यामुळे त्याला माझं अक्षर यायचं, फक्त माझं. पेन दुसऱ्याच्या हाती गेलं की ते अनोळखी पाहुण्याला बघून लाजणाऱ्या मुलासारखं काहीबाही बोलायचं. म्हणून तो पहिला नियम.

नियम मोडला की काय होतं, ते गाझियाबादच्या एका लालाजींनी दाखवलं. मी बोलत असतानाच त्यांनी पेन काढून घेतलं आणि नवी वस्तू म्हणून आधी स्क्रीनवर 'श्री' लिहिलं. मशीनला देवनागरीचा गंध नव्हता. ते विचारात पडलं आणि मग त्याने 87 असा आकडा दाखवला. मी कसनुशी हसले. लालाजी मात्र गंभीर झाले. त्यांनी मुनीमजींना हाक मारून तो आकडा सांगितला आणि लॉटरीच्या दुकानाकडे पिटाळलं. मशीन त्यांनी घेतलं नाही. "इतनी पहुँची हुई चीज़ से हिसाब-किताब करवाना ठीक नहीं," म्हणाले.

गुडगावच्या एका बिल्डरने मात्र विनातक्रार एक घेतलं. न बांधलेल्या इमारतींचे नकाशे त्याला परदेशातून आलेल्या गिऱ्हाइकांना जागेवरच दाखवायचे होते. उन्हात स्क्रीनवर काही दिसेना, म्हणून त्याने मशीनसाठी एक छोटा शामियाना शिवून घेतला. गिऱ्हाईक त्यात डोकं घालून आपला फ्लॅट बघायचं आणि बाहेर काढलं की समोर बाभळी. आणखी एका सरकारी साहेबांना मशीन फार आवडलं. त्यांनी एकच विचारलं, "इसका कीबोर्ड कहाँ है?" शेवटी आम्ही फुकट कीबोर्ड द्यायला लागलो. मग लोक मशीन टेबलावर ठेवत, कीबोर्ड जोडत आणि पेन दोरीतून सोडवून ड्रॉवरमध्ये टाकून देत.

अशा रीतीने धंदा बुडत असताना इनामदार साहेब भेटले.

रशीद इनामदार मूळचे मिरजेकडचे, पण नोकरीची सगळी वर्षं दिल्लीत काढलेले. एका खासगी फर्ममध्ये ते मुख्य सर्व्हेअर होते. जमिनीचे नव्हेत, नुकसानीचे. कारखान्याला आग लागली की मालक विम्याचे पैसे मागतो. ते देण्याआधी खरंच काय जळलं, किती जळलं आणि कशाने, हे बघायला सर्व्हेअर जातो. राखेत उभं राहून टिपणं काढतो. म्हणजे चोप्रा साहेबांच्या वाक्यातला तो उभा माणूस हाच. इनामदारांच्या अक्षराची त्या धंद्यात ख्याती होती. छापल्यासारखं गोल, सुटं, एका उंचीचं. विमा कंपन्या टाइप केलेल्या अहवालाबरोबर त्यांची हाताने लिहिलेली मूळ टिपणं मागून घेत. फर्मचे मालक म्हणत, "इनामदार साहब की लिखावट ही गवाही है."

मालकांच्या केबिनमध्ये मी डेमो सुरू करणार, तेवढ्यात इनामदारांनी माझं कार्ड वाचलं.

"नाईक? कुठले तुम्ही?"

"करोलबाग."

"ते राहायला. मूळचे?"

"सावंतवाडी."

"मग मराठीत बोला की, नाईकबाई. हिंदी ऐकून ऐकून डोकं उठलंय." असं म्हणत त्यांनी सहज माझ्या हातातलं पेन घेतलं.

"साहेब, आधी चहा..."

"चहा झालाय माझा."

गोदामातला सगळा माल जळून खाक झाला, अशा अर्थाचं एक लांबलचक इंग्रजी वाक्य त्यांनी लिहिलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा स्क्रीनवर तेच वाक्य छापील अक्षरात उभं होतं, एकही चूक न करता. परक्या माणसाचं अक्षर मशीनने पहिल्या भेटीत वाचल्याचं मी तेव्हाच पाहिलं, आणि ते शेवटचंच ठरलं.

"नाईकबाई, माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त आश्चर्य वाटलेलं दिसतंय," इनामदार म्हणाले.

मालकांनी ठरवलं, मशीन काही महिने इनामदारांनी वापरून बघायचं. त्यांनी होकार दिला, तर फर्मच्या सगळ्या सर्व्हेअरांसाठी मशीनं घ्यायची. आमच्या ऑफिसला जगवेल अशी ही एकमेव ऑर्डर होती. ती गेली तर शटर ओढायचं, हे चोप्रा साहेबांनी आम्हाला सांगूनच ठेवलं होतं. म्हणजे आमच्या सगळ्यांच्या नोकऱ्या इनामदारांच्या एका होकारावर टांगलेल्या होत्या.

मी मशीनला त्यांच्या अक्षराची रीतसर शिकवणी दिली आणि सुरुवातीला एकदोनदा त्यांच्याबरोबर आग लागलेल्या जागी गेले. फरिदाबादचा एक गाद्यांचा कारखाना मला आठवतो. पाण्याने थबथबलेल्या राखेत इनामदार डाव्या हातावर पाटी तोलून उभे, आणि मालक गळ्यातल्या साखळीशी चाळा करत त्यांच्या मागे मागे.

"आग कशाने लागली?" इनामदारांनी विचारलं.

"शॉर्ट सर्किट, जी."

"लेकिन आपकी तो बिजली कटी हुई है. मीटर ही नहीं है."

मालकाचा साखळीवरचा हात थांबला. "साहब, तार में थोड़ी-बहुत पुरानी बची होगी."

इनामदारांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी ते शब्द जसेच्या तसे पाटीवर लिहून घेतले. परतताना गाडीत मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "नाईकबाई, लक्षात ठेवा. आमच्या धंद्यात 'शॉर्ट सर्किट'चा अर्थ एकच. खरं काय ते मला सांगायचं नाही. गेली कित्येक वर्षं या सगळ्या मुलखात दुसऱ्या कशाने आगच लागलेली नाही." त्यांनी हे घरीही इतक्यांदा सांगितलं असणार की त्यांच्या घरात तो वाक्प्रचारच होऊन बसला होता. पण ते मला पुढे कळलं.

मग तक्रारी सुरू झाल्या. आधी एखादं अक्षर चुकायचं. मी गेले, पुन्हा शिकवणी घेतली, मशीन सुधारलं. काही आठवड्यांनी पुन्हा तेच. मी पेन बदललं, मग दोरी, मग स्क्रीन. शिकवणी झाली की मशीन शहाण्यासारखं वागायचं आणि हळूहळू बिघडायचं. परदेशातल्या कंपनीला फॅक्स केला, तर उत्तर आलं की मशीन ठीक आहे, वापरणाऱ्याला पुन्हा प्रशिक्षण द्यावं. चोप्रा साहेबांचं निदान आणखी सोपं होतं. "बुड्ढे को मशीन पसंद नहीं है, बहाने बना रहा है."

इनामदारांनी मालकांना काय लिहून द्यायचं ते ठरवत आणलं होतं. मला ते स्पष्टच म्हणाले, "नाईकबाई, तुमच्याबद्दल तक्रार नाही. पण तुमचं मशीन बेभरवशाचं आहे. खोटं कसं लिहू?"

त्याच सुमारास गणपती आले. आमच्या भागातल्या मंडळात स्पर्धांच्या प्रमाणपत्रांवर मुलांची नावं दरवर्षी एकाच अक्षरात लिहिलेली असत. माझ्या लहानपणच्या वक्तृत्वाच्या बक्षिसावरही तेच अक्षर होतं. ते इनामदारांचं, हे मला त्यांची ओळख झाल्यावर उमगलं आणि मी घरी ते सर्वांना मिरवून दाखवलं. त्या वर्षीची प्रमाणपत्रं मात्र कम्प्युटरवर छापलेली निघाली. मी कार्यकर्त्यांना विचारलं, तर त्यातले एक जण कौतुकाने म्हणाले, "इनामदारांनीच सांगितलं, आता हाताने काय लिहायचं, छापून घ्या. एकदम मॉडर्न झालेत ते, यार. तुमच्या त्या मशीनचा परिणाम!"

मी आरतीत उभी राहिले, पण माझं लक्ष आरतीत नव्हतं. जो माणूस आमच्या मशीनवर चिडलेला होता, तो त्या मशीनमुळे मॉडर्न कसा होईल?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी इनामदारांचं मशीन उघडलं. ते दुरुस्तीसाठी माझ्याकडेच आलेलं होतं. प्रत्येक शिकवणीत त्यांनी लिहिलेले नमुने मशीनने साठवून ठेवले होते. बिघाड पेनाचा आहे हे कंपनीला दाखवावं, म्हणून मी एकाच अक्षराचे सगळे नमुने क्रमाने एकाखाली एक मांडले. पहिल्या शिकवणीतलं अक्षर गोल, टपोरं. त्याखालचं जरा लहान. त्याखालचं आणखी लहान. शेवटच्या ओळीत मुंग्या होत्या. मी आधी स्क्रीनचं माप तपासलं, कारण आमच्या धंद्यात संशय मशीनवरच घ्यायची सवय. मग त्याच मशीनवर स्वतः लिहून पाहिलं. माझं अक्षर जसं होतं तसंच मोठं उमटलं. अक्षर थरथरलेलं नव्हतं, वळणही तेच होतं, फक्त ते आत आत चाललं होतं. आणि मग मला आठवलं की मागच्या खेपेला इनामदार शर्टाचं वरचं बटण बराच वेळ लावत बसले होते आणि मी तोंडभर बोलत उभी होते.

मशीनमध्ये काहीच बिघाड नव्हता.

चोप्रा साहेबांना मी हे सांगितलं ही मोठीच चूक केली, कारण ते खुर्चीतून उठले. पहिल्यांदाच ते उभं राहून बोलताना मी बघत होते. "मैडम, ये तो प्रूफ़ है! मशीन पास, बुड्ढा फ़ेल. प्रिंट निकालो, कल ही मालिक को दिखाते हैं."

"सर, उनकी नौकरी चली जाएगी."

"और हमारी?"

त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. ज्याचा हात बदललाय त्याच्या टिपणांना विमा कंपनी कशाला मानेल? आणि ऑर्डर गेली तर आम्ही सगळे रस्त्यावर. माझ्या घरी माझा पगार नुकता कुठे दिसायला लागला होता. पण माणसाला स्वतःच्या हाताची बातमी मालकाच्या टेबलावर कळावी, हे मला कसंही पटेना.

"पहले मैं उनको बताऊँगी," मी म्हटलं.

"और वो मुकर गया तो?"

"तो आपको जो करना है करना. पर तब तक मशीन मेरे पास रहेगी."

चोप्रा साहेब बिल्कुल लाल झाले. मी पाटी पिशवीत घातली आणि चार्टर्ड बस पकडली. सगळा रस्ता ती मांडीवर घट्ट धरून बसले होते. खड़े आदमी का कम्प्यूटर अखेर मांडीवरच आला.

रविवारी सकाळी मयूर विहारला त्यांच्या फ्लॅटवर गेले. त्यांच्या पत्नी जमीला काकूंनी दार उघडलं. त्यांना मी आधी एकदाच भेटले होते. "ये ये, बरं झालं आलीस. घरात बोलायला कुणी तरी हवंच. हे तर आजकाल त्या मशीनशीच भांडतात," म्हणत त्यांनी चहा टाकला.

इनामदार बाल्कनीत बसले होते. मी मशीन सुरू केलं आणि ते नमुने त्यांच्यासमोर धरले. त्यांनी चष्मा चढवला. वरून खाली बघितलं, मग खालून वर. मला वाटलं होतं ते रागावतील. ते तर कामाला लागले. फरिदाबादच्या राखेत उभे राहत, तसा त्यांचा चेहरा झाला.

"पहिल्यांदा कधी लक्षात आलं?"

"परवा."

"ते तुझ्या लक्षात. माझ्या कधी आलं, ते नाही विचारलंस." ते मला पहिल्यांदाच अगं-तुगं करत होते. "सगळ्या केसमध्ये मी हा प्रश्न विचारतो. आग पहिल्यांदा कधी दिसली? सगळे म्हणतात, आम्ही पोचलो तेव्हा सगळं पेटलेलंच होतं. कुणीही असं म्हणत नाही की आधी धूर येत होता आणि मी खिडकी लावून घेतली."

मी पाटी खाली ठेवली.

"मला उन्हाळ्यापासून ठाऊक आहे, पोरी. गणपतीची प्रमाणपत्रं मी काय मॉडर्न झालो म्हणून सोडली? पहिलं नाव लिहायला घेतलं आणि ते कोपऱ्यात जाऊन बसलं. त्याच दिवशी तुझं हे मशीन हाताशी होतं. म्हटलं, बरं झालं. बिघाड याच्यात आहे." ते थांबले आणि ओळखीचं हसले. "आयुष्यभर लोकांची शॉर्ट सर्किटं पकडली, आणि स्वतःच्या रिपोर्टात तेच लिहायला निघालो होतो."

काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ट्रे खाली ठेवून त्यांनी इनामदारांचा उजवा हात हातात घेतला आणि उलटसुलट करून बघितला, जसं काही तो बाजारातून आताच आणलाय. "मी विचारलं होतं," त्या एवढंच म्हणाल्या.

त्या बाल्कनीत मला रडू आलं, हे मी इथे सांगून टाकते. इनामदारांनी मला रुमाल दिला नाही, पेन दिलं. "चल, शिकवणी घे. आता आहे त्या अक्षराची. मला रिपोर्ट लिहायचाय."

आम्ही मशीनला त्या मुंग्या शिकवल्या. मग त्यांनी पाटीवर मालकांसाठी अहवाल लिहिला. यंत्र विश्वासार्ह आहे. आढळलेला दोष वापरणाऱ्याच्या हातात असून तो वापरणाऱ्याने स्वतः तपासला आहे. वापरणाऱ्याला जागेवरच्या कामातून मोकळं करावं. मला ती अक्षरं डोळे बारीक करूनही लागत नव्हती. मशीनने सगळी वाचली. अशी निर्दोष नोंद इतक्या शांतपणे स्वतःविरुद्ध करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मालक भला माणूस निघाला. त्याने इनामदारांना ऑफिसात बसून नव्या सर्व्हेअरांना शिकवण्याचं काम दिलं आणि आम्हाला ऑर्डर. चोप्रा साहेबांनी मोतीचूर आणले. ते बॉक्स उघडेपर्यंत परदेशातून फॅक्स आला. कंपनीने ही मशीनं बनवणं बंद केलं होतं. लोकांना पेनाचा कम्प्युटर नको आहे असं तिकडे सिद्ध झालं होतं, असं काहीसं त्यात होतं. लाडू आम्ही खाल्ले, ऑर्डर परत केली आणि काही महिन्यांनी शटरही ओढलं. मोहरीच्या शेतात आता मॉल आहे. त्यात टॅबलेटचं दुकान आहे आणि तिथला मुलगा गिऱ्हाइकाच्या हातात पेन पहिल्याच मिनिटाला देतो. मी एकदा गंमत म्हणून लिहून बघितलं. माझं अक्षर न शिकताच त्याने वाचलं, आणि मला ते जरा आगाऊपणाचं वाटलं. चोप्रा साहेब वीस वर्षं लवकर बरोबर होते. धंद्यात त्यालाच चूक म्हणतात.

इनामदारांचं मशीन परत कुणी मागितलं नाही. ते त्यांच्याकडेच राहिलं. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. हात कापत नव्हता म्हणून कुणाला सुचलं नव्हतं. तो आधी असाही येतो म्हणे, अक्षर लहान करत. नोकऱ्या बदलल्या, लग्न झालं, तरी दर काही महिन्यांनी मी मयूर विहारला जायची आणि शिकवणी घ्यायची. अक्षर आणखी लहान व्हायचं, मशीनला ते पुन्हा शिकवायचं. जगात कुणी वापरत नसलेलं ते यंत्र, आणि जगात कुणाला न वाचता येणारं ते अक्षर, दोघांचं बरं चाललं होतं. पुढे इनामदारांचा आवाजही इतका खाली गेला की बोलणं कळेना. मग भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा ते पाटीवर लिहून सांगू लागले. काकू म्हणायच्या, "आधी घरात बोलायचे नाहीत. आता मशीनमुळे तक्रारी तरी कळतात." बॅटरी कधीच मेली होती. पाटी भिंतीच्या प्लगला बांधलेली, आणि इनामदार तिच्याजवळच्या खुर्चीला.

शेवटच्या खेपेला काकूंनीच फोन करून बोलावलं. "सकाळपासून काहीतरी लिहितात, मशीन वाचत नाही. बघ गं जरा."

इनामदार खुर्चीत एका बाजूला कलले होते. स्क्रीनवर एक रेघ होती, केसाएवढी. तिच्याखाली मशीनने चौकोनामागून चौकोन काढले होते. ओळखता येत नाही, असा त्याचा अर्थ. मी शिकवणीचा पडदा उघडायला गेले. इनामदारांनी मान हलवली. नको.

मग मी ती रेघच बघत बसले. इतकी वर्षं मी त्यांची अक्षरं मशीनला शिकवत होते. त्यात मीही थोडी शिकले असणार. आधी एक वळण ओळखू आलं, मग दुसरं. मी हसले, आणि इनामदारांच्या डोळ्यांतही ते जुनं हसू आलं.

"काय लिहिलंय?" काकूंनी विचारलं. "मी सकाळपासून विचारतेय, काय होतंय म्हणून."

"शॉर्ट सर्किट," मी वाचून दाखवलं.

काकू हसल्या नाहीत.

"म्हणजे फार दुखतंय," त्या म्हणाल्या, आणि गोळी आणायला आत गेल्या.